गाढवावरची बाई, तीन खांब आणि रिकामा चौथरा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांच्याही डोळ्यांपुढे चित्र येईल. आजोबांच्या ट्रंकेत तुम्हाला एक जुनं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, सापडलं. आकार साधारण २० बाय २८ सेंटिमीटर. डावीकडे तीन उंच खांब, त्यांच्या डोक्यावर दगडी तुळईचा तुकडा. मागे कड्यावर एक गोल देऊळ, एका बाजूने ढासळलेलं. खाली ओढा, त्यात उतरणारी गुरं. मधोमध गाढवावर बसलेली बाई, तिच्यापुढे काठी घेऊन चालणारा दाढीवाला माणूस. खांबांच्या पायथ्याशी दोघं जण, त्यातला एक हाताने काहीतरी दाखवतोय. उजव्या कोपऱ्यात एक चौथरा. त्यावर पुतळ्याचे फक्त पाय उरलेत, बाकीचा पुतळा खाली गवतात पडलाय. तळाला पुसट नाव, त्यातलं शेवटचं 'फे.' तेवढं लागतं. ही जागा कोणती, ही माणसं कोण आणि या पडक्या देवळांचा अर्थ काय, असं तुम्ही विचारलंय.

छापील चित्रांची निगा राखण्यात आणि त्यांच्या नोंदी करण्यात माझी पस्तीसेक वर्षं गेली. त्या अनुभवावर एक गोष्ट ठामपणे सांगते: तुमचे तीन प्रश्न वेगवेगळे सोडवायला गेलात तर तिन्ही चुकतील. अशा चित्रात माणसं पडझडीचा अर्थ सांगतात आणि पडझड माणसांची ओळख पटवते. तुमच्या चित्रात हा दुवा त्या कोपऱ्यातल्या चौथऱ्यात आहे असं मला वाटतं. पण तिथवर जायच्या आधी कागद बघू.

चित्राच्या चारी बाजूंनी कागद किंचित दबलेला आहे का, ते बोट न घासता, तिरक्या उजेडात पाहा. असेल तर ती तांब्याच्या पत्र्याची कड. मग दहा पटीचं भिंग घ्या. आभाळात ठिपक्यांची बारीक जाळी दिसली तर ते फोटोवरून केलेलं पुनर्मुद्रण आहे. अखंड रेषा दिसल्या, त्यांच्यावर शाई जरा उचलून आलेली वाटली आणि रेषांची टोकं बोथट असली, तर ते खरं एचिंग. एचिंगमध्ये पत्र्यावर मेण-राळेचा थर देतात, त्यावर सुईने चित्र काढतात आणि पत्रा आम्लात ठेवतात; उघड्या पडलेल्या रेषा आम्ल खातं. म्हणून रेषेची जाडी आरंभापासून शेवटापर्यंत जवळजवळ सारखी राहते. हत्याराने थेट तांबं कोरलं की रेषा टोकाशी निमुळती होत जाते. सुई कागदावरच्या लेखणीसारखी मोकळी फिरते, म्हणूनच निसर्गचित्रं काढणाऱ्या चित्रकारांना एचिंग इतकं मानवलं.

कागद उजेडासमोर धरला की समांतर रेषांची जाळी दिसते का तेही बघा. गुळगुळीत विणीचा, रेषा नसलेला कागद पुस्तकासाठी पहिल्यांदा वापरला गेला तो इंग्लंडात, १७५७ साली. तुमचा कागद तसा असेल तर पत्रा कितीही जुना असो, ही छाप त्यानंतरची. उलट, रेषा दिसल्या म्हणून छाप जुनीच असं मात्र धरू नका. तसा कागद पुढेही बनत राहिला. 'फे.' म्हणजे लॅटिन 'फेकिट', 'याने केलं'. 'इन्व्ह.' असतं तर मूळ रचना त्याची, 'स्कल्प.' असतं तर कोरणारा तो, आणि 'एक्सक.' असतं तर छापून विकणारा. तुमच्याकडे फक्त 'फे.' आहे; याचा अर्थ रचना आणि पत्रा दोन्ही बहुधा एकाच हातचे. अर्थाच्या दृष्टीने ही चांगली बातमी, कारण मधल्या कारागिराने माणसं बदलली असण्याची शंका कमी होते.

आता एक गोष्ट, जी भलेभले विसरतात. पत्र्यावर काढलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं, आरशातल्यासारखं. सही सुलट यावी म्हणून चित्रकार ती उलटी लिहितो, पण डोंगर आणि देवळं उलटवण्याचे कष्ट बहुतेक जण घेत नसत. माझ्या उमेदीच्या काळात एका चित्रातली दरी कुठली, हे शोधण्यात मी कित्येक दिवस घालवले. नकाशे पालथे घातले, प्रवाशांची जुनी वर्णनं वाचली, जागा काही जुळेना. एका संध्याकाळी चित्राचा फोटो चुकून उलटा छापून आला आणि दरी क्षणात ओळखू आली. तेव्हापासून जागा शोधायच्या आधी मी चित्रातल्या माणसांचे हात बघते. तलवार उजव्या कमरेला लटकतेय, चाबूक डाव्या हातात, लिहिणारा डाव्या हाताने लिहितोय, अशा दोन-तीन खुणा एकत्र आल्या की चित्र आरशात धरून बघायचं. तुमच्या चित्रात म्हाताऱ्याची काठी कोणत्या हातात आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. एवढ्या एका खुणेवर मी निर्णय करणार नाही, पण नोंद करून ठेवा. फोन असतोच, फोटो काढा आणि आडवा उलटवून दोन्ही शेजारी ठेवा.

आता खांब. एका तुळईखाली उभे असे तीन कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले, खांब रोमच्या जुन्या चौकात, म्हणजे फोरममध्ये, दोन ठिकाणी आहेत आणि लोक त्यांची सारखी गल्लत करतात. एक त्रिकूट कॅस्टर आणि पॉलक्सच्या देवळाचं. तिथे तिन्ही खांब सरळ ओळीत उभे आहेत. दुसरं व्हेस्पासियनच्या देवळाचं, कॅपिटॉल टेकडीच्या पायथ्याशी. तिथे खांब देवळाच्या कोपऱ्यात आहेत, म्हणजे काटकोनात. शिवाय त्या दुसऱ्याच्या तुळईवर लेखाची 'एस्टिटुएर' एवढीच अक्षरं उरलीत, 'जीर्णोद्धार केला' या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा मधला तुकडा. तुमच्या वर्णनातली तुळई कोरी आहे आणि खांब 'रांगेत' आहेत असं तुम्ही पत्रात पुढे म्हटलंय, म्हणून मी कॅस्टरच्या देवळाकडे झुकते.

एक सावधगिरी: चित्राखाली जुनं नाव छापलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. अठराव्या शतकात कॅस्टरच्या खांबांना 'ज्युपिटर स्टेटर', व्हेस्पासियनच्या खांबांना 'गर्जणारा ज्युपिटर' आणि शनीच्या देवळाच्या आठ खांबांना 'कॉन्कॉर्डियाचं देऊळ' म्हणत. रोमच्या अवशेषांची छापचित्रं काढणाऱ्या पिरानेसीसारख्या माणसाच्या छापांवरही ही नावं आहेत, आणि त्याने तर रोमचे दगड मोजण्यात हयात घालवली. त्या काळाचं ज्ञान तेवढंच होतं.

जमिनीची पातळीही बघा. आज फोरममध्ये गेलं तर खांब पायथ्यापासून दिसतात. सतराव्या शतकात तसं नव्हतं. शतकानुशतकांची माती, राडारोडा आणि पुराचा गाळ साचून चौक कित्येक मीटर भरून आला होता. व्हेस्पासियनचे तीन खांब तर जवळजवळ डोक्यापर्यंत गाडलेले होते. ते मोकळे झाले १८१० च्या सुमारास, फ्रेंच अमलात. सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीभोवतीचं खणकाम १८०३ चं. सम्राट फोकासचा एकाकी खांब कोणाचा हे कळलं तेच १८१३ साली, पायथ्याची माती काढून लेख उघडा पडल्यावर. म्हणून एखाद्या छापेत कमान अर्धी जमिनीत असेल तर ते दृश्य एकोणिसाव्या शतकाच्या आधीचं. असेच आणखी काही दाखले उपयोगी पडतात: कलोसियमच्या तुटक्या कडांना आधार देणाऱ्या मोठ्या विटांच्या भिंती पूर्वेला १८०७ च्या आणि पश्चिमेला १८२६ च्या, पॅन्थिऑनच्या कपाळावरचे दोन छोटे घंटामनोरे सतराव्या शतकातले, ते १८८३ साली उतरवले. चित्रात काय आहे याइतकंच काय नाही यावरूनही काळ सापडतो.

मागचं गोल देऊळ. रोममध्ये टायबर नदीकाठी एक आहे, पण ते सपाटीवर, आणि त्या काळी त्याच्या खांबांमधल्या जागा भिंतींनी बुजवलेल्या होत्या, कारण त्याचं चर्च झालेलं होतं. कड्याच्या टोकावर, खाली पाणी, अर्धं कडं ढासळलेलं, हे सगळं वर्णन टिवोलीचं. अनिएने नदीच्या घळीवर उभं असलेलं ते देऊळ कुणी व्हेस्टाचं म्हणतं, कुणी सिबिलचं. मूळचे १८ खांब, त्यातले १० उरलेत. उत्तर युरोपातून आलेल्या चित्रकारांनी ते इतक्यांदा काढलं की पुढे इटलीतला निसर्ग म्हटलं की ते देऊळ आपोआप कड्यावर येऊन बसू लागलं.

आणि टिवोली रोमपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तुमच्या चित्रातली जागा जगात कुठेच नाही. खांब खरे, देऊळ खरं, दोघांचं शेजार चित्रकाराने जुळवलेलं. या प्रकाराला इटालियनमध्ये 'काप्रिचो' म्हणतात. सोळाव्या शतकापासून नेदरलँड्समधले चित्रकार आल्प्स ओलांडून रोमला जात, वह्या भरभरून रेखाटनं करत आणि घरी परतल्यावर वीस-वीस वर्षं त्या वह्यांतले खांब आणि कमानी हवे तसे मांडत. हीरोनिमस कॉकने अँटवर्पमध्ये १५५१ साली रोमच्या अवशेषांची छापमाला काढली आणि रोम न पाहिलेल्यांच्याही हाती हे दगड आले. पुढच्या शतकात बार्थोलोमेयस ब्रेनबर्ख, हेर्मान व्हान स्वानेव्हेल्ट, यान बोथ, कारेल दुयार्दिन अशी मोठी रांग. निकोलास बेर्खेम इटलीला गेला होता की नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण त्याच्या गुरांच्या पाठीवर पडलेलं ऊन मात्र इटलीचंच. तुमची छाप या घराण्यातली, सतराव्या शतकाच्या मध्याची असावी असा माझा कयास आहे. नाव सांगणार नाही. वर्णनावरून नाव सांगणं म्हणजे रोग्याला न बघता औषध देणं.

माणसांकडे वळू. निसर्गचित्रातल्या या छोट्या माणसांना 'स्टाफाज' म्हणतात. पुष्कळ लोक त्यांना जागा भरायला ठेवलेली बाहुली समजतात आणि त्याला आधार म्हणून क्लोद लोरँची गोष्ट सांगतात. लोरेन प्रांतातून आलेला, रोममध्ये आयुष्य घालवून १६८२ साली तिथेच वारलेला हा थोर निसर्गचित्रकार. त्याचा चरित्रकार बाल्दिनुच्ची लिहितो की आपण निसर्ग विकतो आणि माणसं फुकट देतो, असं क्लोद म्हणत असे. गोष्ट गोड आहे, पण ती ऐकून त्याच्या माणसांकडे पाठ फिरवणं मला कधीच पटलं नाही. त्याच क्लोदने १६३४ साली पुराणकथेतल्या युरोपा या राजकन्येच्या अपहरणाचं एचिंग केलं आणि १६६२ साली मर्क्युरी हा देव आणि गाईची राखण करणारा आर्गस यांचं. या चित्रांतली माणसं काढून टाकली तर उरतो तो वेगळ्याच अर्थाचा मुलूख.

दुसऱ्या टोकाला असे लोक आहेत, ज्यांना प्रत्येक गुराख्यात देव दिसतो. त्यांच्यासाठी क्लोदचंच १६३६ सालचं 'काम्पो वाच्चिनो' हे एचिंग बघण्यासारखं आहे. काम्पो वाच्चिनो म्हणजे गुरांचं रान. फोरमचं त्या काळातलं रोजच्या बोलण्यातलं नाव हेच होतं. ज्या चौकात सिसेरो या रोमन वक्त्याने भाषणं केली तिथे गुरांचा बाजार भरत होता. ग्रॅनाइटचं एक प्रचंड प्राचीन पात्र जनावरांना पाणी पाजायला तिथे ठेवलेलं होतं. ते १८१८ साली क्विरिनाल टेकडीवर हलवलं, आज तिथल्या कारंज्यात ते दिसतं. दगडी शवपेट्यांचाही असाच डोणीसारखा वापर व्हायचा आणि त्यांच्या काठावर बायका धुणं धूत. म्हणजे खांबांच्या सावलीत गाय दिसली की तिथे आधी गायच बघायची. ती तिथे खरोखर चरत होती. या माणसांना काही 'अर्थ' नसला तरी ती कमी मोलाची होत नाहीत. दीड हजार वर्षांच्या दगडाला बैल बांधून भाकरी खाणारा माणूस त्या चित्रकाराने डोळ्यांनी पाहिला आणि त्याला तो काढावासा वाटला, हे मला फार मोठं वाटतं.

मग गोष्टीतलं माणूस आणि रानातलं माणूस यांत फरक कसा करायचा? मी आधी कपडे बघते. रुंद काठाची टोपी, गुडघ्यापर्यंतची विजार, बूट असं असलं तर तो चित्रकाराच्या काळातला माणूस. तीन टोकांची टोपी असेल तर अठरावं शतक. अंगावर सैल वस्त्र आणि पाय उघडे, तर बायबल किंवा पुराणकथा. त्यानंतर हातातल्या वस्तू. पोरगा, मासा, कुत्रा आणि सोबत एक तरुण, मग तरुणाला पंख दिसोत न दिसोत, ती बायबलमधली टोबियास आणि देवदूताची गोष्ट. गुरांजवळ एक जण पावा वाजवतोय आणि दुसरा पेंगतोय, कळपात एक गाय वेगळी उठून दिसतेय, तर मर्क्युरी आणि आर्गस. वाजवणाऱ्याच्या टोपीला पंख आहेत का पाहायचं. बसलेल्या मेंढपाळासमोर तीन बायका, तर तीन देवींमधली सुंदर कोण हे ठरवणाऱ्या पॅरिस या राजपुत्राचा निवाडा. तिघे पुरुष रस्त्याने बोलत चाललेत, तर एम्माउसची वाट, म्हणजे पुन्हा उठलेला येशू दोन शिष्यांना रस्त्यात भेटतो ती बायबलमधली गोष्ट, असू शकते.

'असू शकते' हे मी मुद्दाम म्हणते. एका संग्रहासाठी नोंदी करताना तीन वाटसरूंच्या छापेवर मी निःशंकपणे 'एम्माउसच्या वाटेवर' असं लिहिलं होतं. कित्येक वर्षांनी त्याच पत्र्याची अगदी सुरुवातीची, ताजी छाप दुसरीकडे बघायला मिळाली. तिच्यात मधल्या माणसाच्या खांद्यावर मेलेला ससा लोंबत होता आणि मागे एक शिकारी कुत्रा. आमच्या छापेत त्या जागी नुसती करडी धूसरता होती. तांब्याच्या पत्र्यावरून काही शे चांगल्या छापा निघतात, पुढे पत्रा झिजत जातो, आणि सगळ्यात आधी जातात त्या सर्वांत हलक्या रेषा. लक्षात घ्या, प्रभावलय, म्हणजे पवित्र व्यक्तीच्या डोक्यामागचं तेजाचं वलय, काढतात ते याच हलक्या रेषांनी. देवदूताचे दूरचे पंखही. म्हणजे झिजलेल्या छापेत मेरी, जोसेफ आणि बाळ येशू यांचं पवित्र कुटुंब हळूहळू साधं शेतकरी कुटुंब होऊन जातं. तुमच्या बाईच्या डोक्यामागे काही दिसत नाही, यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. आभाळातल्या रेषा तुटक आणि फिक्या आहेत का ते आधी पाहा. तशा असतील तर छाप उशिराची आहे आणि वलय गेलेलं असू शकतं.

एचिंग वाचायची आणखी एक किल्ली आम्लातच आहे. पत्रा एकदाच आम्लात बुडवत नाहीत. थोडा वेळ ठेवून बाहेर काढायचा, दूरच्या डोंगरांवर वार्निश फिरवून त्या रेषा तिथेच थांबवायच्या, मग परत बुडवायचा. समोरच्या रेषा सर्वांत जास्त वेळ खाल्ल्या जातात म्हणून त्या जाड आणि काळ्या. म्हणजे कोण किती काळं दिसणार हे चित्रकाराने मिनिटं मोजून ठरवलेलं असतं. तुमची गाढवावरची बाई ओढ्यातल्या गुरांइतक्याच अंतरावर आहे असं वर्णनावरून दिसतं. तिच्या रेषा गुरांपेक्षा ठळक आहेत का, की तिच्याभोवती कागद मुद्दाम कोरा सोडलाय? दोहोंपैकी काहीही असेल तर चित्रकाराचं बोट तिच्याकडे आहे असं समजायचं. रेषांचं वजन गुरांसारखंच असेल, तर ती बाजाराला निघालेली बाई असण्याकडे पारडं झुकतं.

गाढवावर बाई आणि पुढे म्हातारा ही जोडी दिसली की युरोपातला जुना प्रेक्षक एकच गोष्ट मनात आणत असे: हेरोद राजाच्या भीतीने बाळ येशूला घेऊन इजिप्तकडे निघालेले मेरी आणि जोसेफ. पण इटलीत गाढवावर बसून रोज हजारो बाया जात होत्या. बाळ आहे का? तिच्या मांडीवर कपड्याचं जे गाठोडं तुम्ही म्हणता, त्याला डोकं आहे का भिंगाने बघा. म्हातारा गाढवाचा दोर धरून पुढे बघतोय की मागे वळून तिच्याकडे? मालाची ओझी, टोपल्या, कोंबड्या आहेत का? असतील तर बाजार. सामान जवळजवळ नसेल तर पलायन.

आणि आता तो चौथरा.

बायबलमध्ये नसलेली, पण मध्ययुगापासून युरोपभर सांगितली जाणारी एक कथा आहे: मेरी बाळाला घेऊन इजिप्तमधल्या देवळात शिरली आणि तिथल्या सगळ्या मूर्ती कोसळून पालथ्या पडल्या. चित्रकारांनी ही कथा रस्त्यावर आणली. पलायनाच्या चित्रात वाटेच्या कडेला एक खांब किंवा चौथरा, त्यावरून पडणारी किंवा नुकतीच पडलेली मूर्ती. कधी ती इतकी लहान आणि कोपऱ्यात असते की नजरेतून सुटते. तुमच्या चित्रात चौथऱ्यावर पाय आहेत आणि धड खाली आहे. नुसती पडझड दाखवायची असती तर तुटका खांब पुरेसा होता, आणि खांब तर डावीकडे आहेतच. घोट्यापासून मोडलेला पुतळा काढण्यासाठी चित्रकाराने वेगळा चौथरा उभा केला. एवढे कष्ट तो उगाच घेत नाही.

हे खरं असेल तर देवळांचा अर्थही बदलतो. मग ते खांब रोमचं वैभव सरल्याची हळहळ सांगत नाहीत. जुने देव गेले आणि नवं काही या वाटेने चाललंय, असं सांगतात. येशूजन्माच्या चित्रांत गोठा पडक्या राजवाड्यात दाखवण्याची जुनी रीत याच विचारातून आली. रोममध्ये तर अशी आख्यायिका होती की शांतिदेवतेचं देऊळ कुमारिका प्रसूत होईपर्यंत टिकेल, आणि ते येशू जन्मला त्या रात्री कोसळलं. लोक त्यासाठी जी भग्न इमारत दाखवत ती खरं तर मॅक्सेंटियसची बॅसिलिका, येशूनंतर तीनशे वर्षांनी बांधलेली. इतिहास म्हणून ते चूक, पण चित्र वाचताना त्या काळच्या माणसाला काय ठाऊक होतं तेच मोलाचं.

आणि कोपऱ्यातला पुतळा मुळात देवाची मूर्ती नसेल, म्हणजे खाली पडलेल्या धडावर तलवार, चिलखत असं काही दिसत असेल, तर मात्र मी हा अर्थ मागे घेईन. तेव्हा तो रोमन सेनापतीचा पुतळा, आणि अर्थ 'सत्ता टिकत नाही' या बाजूला जातो. पायांत चपला आहेत की ते उघडे आहेत तेही पाहा. देव बहुधा अनवाणी असतात.

थोडं विषयाला सोडून सांगते, कारण आपल्याकडच्या घरांत अशा चित्रांच्या शेजारी दुसरी एक जात सापडते. वेरूळच्या लेण्यांच्या जुन्या इंग्रजी छापा. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला, पुण्यात त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र रंगवलं, वेरूळची रेखाटनं केली आणि १७९५ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनमध्ये वेरूळची २४ दृश्यं काढली. त्या मंडळींची नजर रोमच्या अवशेषांच्या छापा बघून तयार झालेली होती. त्यामुळे आपल्या लेण्यांसमोर टेकलेला माणूस दिसला की तो तिथे खरोखर बसला होता, की टिवोलीहून चालत आला, हा प्रश्न तिथेही विचारायचा. ट्रंकेत आणखी काही असेल तर नीट पाहा.

राहिले खांबांजवळचे ते दोघं. अशा जोड्या या छापांत सारख्या भेटतात. एक बसून वहीत रेखाटतोय आणि दुसरा वर दाखवतोय, म्हणजे चित्रकार आणि त्याचा सोबती. झगा पांघरलेला एक जण दगडावरचा लेख दाखवतोय, म्हणजे पुराणवस्तूंचा अभ्यासक. त्यांचं आणखी एक काम असतं: मोजमाप. कॅस्टरच्या देवळाचे खांब सुमारे १५ मीटर उंच आहेत, म्हणजे माणसाच्या साधारण नऊपट. तुमच्या चित्रात माणूस आणि खांब पट्टीने मोजा. खांब बारा-पंधरापट निघाला तर चित्रकाराने माणसाला मुद्दाम बारीक करून दगडाला मोठेपण दिलंय. पिरानेसीने हा उपाय पुढे अतिशय प्रभावीपणे वापरला. सहा-सातपटच निघाला तर खांबाचा पायथा मातीत आहे, किंवा चित्रकार दुसऱ्याच्या चित्रावरून काढतोय.

पण तुमच्या चित्रात त्या दोघांचं मोल याहून जास्त असू शकतं. त्यांच्या अंगावर सतराव्या शतकाचे कपडे आहेत आणि बोट खांबांच्या माथ्याकडे आहे, असं असेल तर ते प्रवासी आहेत; ते दगड बघतायत, आणि त्यांच्या पाठीमागून जाणारी बाई त्यांना दिसतच नाही. तेव्हा एकाच कागदावर दोन काळ आहेत, आणि चित्रकाराने ते जाणून तसे ठेवलेत. बोट चौथऱ्याकडे असेल, तर ते गोष्टीतलेच आहेत, मूर्ती पडताना पाहिलेले गावकरी, आणि मग पलायनाच्या बाजूने माझी खात्री जवळपास पक्की होते. बोट बाईकडे असेल तर हेरोदाचे शिपाई वाट विचारतायत अशीही एक कथा चित्रांत येते. पण तिथे बहुधा पेरलेलं किंवा कापणीला आलेलं शेत लागतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

तेव्हा एवढं करा. छाप फ्रेममध्ये असेल तर या फोटोंसाठी ती बाहेर काढू नका, काचेवरूनच चालेल. चिकटपट्टी, लॅमिनेशन, ओलं फडकं यातलं काहीही तिला लावू नका. खिडकीच्या बाजूच्या उजेडात चौथरा, बाईची मांडी आणि खांबांजवळच्या दाखवणाऱ्या माणसाचा हात असे तीन फोटो अगदी जवळून काढा, आणि कपड्यांच्या कडा दिसतील असा चौथा. मग छापील फोटोवर, मूळ छापेवर नव्हे, त्या माणसाच्या खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत पट्टी ठेवा आणि रेघ पुढे वाढवा. ती खांबांच्या माथ्याला लागते, बाईला लागते की चौथऱ्यावरच्या पायांना, ते मला कळवा.